पाळण्याची कडी

ड्रिल मशीन घेऊन आलेला माणूस स्टुलावर चढला, छताकडे बघत त्याने विचारलं, "काय टांगायचंय? झोपाळा का पाळणा?"

"पाळणा," आई म्हणाली.

"झोपाळा," अहो आई म्हणाल्या. दोघी एकदमच.

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी नववा लागलेलं पोट घेऊन दारात उभी होते. उत्तर खरं तर त्याच्या समोरच होतं.

आई म्हणजे माझी आई. अहो आई म्हणजे नवऱ्याची. सासूला आई म्हणायचं, पण एकेरीत हाक मारायची नाही, या पेचातून आमच्याकडच्या सुनांनी काढलेली ही वाट. एरवी त्या दोघी दोन गावांना असतात म्हणून निभतं. आई जुन्नरच्या बाजूला, अहो आई सावंतवाडीला. पहिलं बाळंतपण माहेरी असा रिवाज. पण आईच्या गावापासून सिझेरियनची सोय असलेलं हॉस्पिटल लांब आणि माझा रक्तदाब जरा वरचा. तेव्हा मी माहेरी जाण्याऐवजी माहेरच पुण्याला माझ्याकडे आलं. लेकाचं पहिलं मूल म्हणून चार दिवसांनी सासरही आलं. दोन खोल्या, एक संडास-बाथरूम, दोन विहिणी.

"अहो ताई, झोपाळा कशाला सांगितलंत?" माणूस भोक पाडत होता तेवढ्यात आईने विचारलं. "त्याला वजनाचा अंदाज यायला नको?"

"बाळ यायच्या आधी पाळण्याचं नाव काढत नाहीत, विहीणबाई. कडी बसवा की. कडी काय, छताला असतेच. आमच्या घरात प्रत्येक खोलीत तुळईला कडी आहे. म्हणून काय प्रत्येक खोलीत बाळ आहे?"

"मग पाळणा आणायचा कधी?"

"बारशाला. हिचे सासरे घेऊन येतील. साखळ्या आणि चिमणाळं तेवढं मी आणलंय."

चिमणाळं म्हणजे पाळण्यावर टांगायचे लाकडी पक्षी. सावंतवाडीच्या चितारआळीतले, लाखेच्या रंगाचे पोपट आणि मैना, बहुधा नवऱ्याच्याही आधीपासून घरात असलेले. ते जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, उकड्या तांदळाच्या पोत्याशेजारी बसून पुण्याला आले होते.

"म्हणजे साखळ्या आणलेल्या चालतात, पक्षी आणलेले चालतात, पाळणा चालत नाही," आई म्हणाली.

"साखळीचा काय झोपाळा होत नाही?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

माणसाने एक गोष्ट चांगली केली. पंख्याच्या हुकाला काही टांगू नका म्हणाला, तो पंख्याच्या वजनापुरताच असतो. पीओपीच्या सजावटीला तर हातही लावायला नको. त्याने स्लॅबमध्ये खोल भोक पाडून लोखंडी फास्टनर ठोकला, कडी पिळून बसवली आणि जाताना सांगितलं की बाळाच्या पाचपट वजन एक रात्रभर लटकवून ठेवा, मगच वापरा. बाळ म्हणाला. अहो आईंनी ते न ऐकल्यासारखं केलं.

आता खोक्याबद्दल सांगायला हवं. मी सातव्या महिन्यातच बाळासाठी एक कॉट मागवली होती. कठडेवाली, कडक गादीची, आमच्या पलंगाला लावून ठेवता येईल अशी. ती आली त्याच आठवड्यात अहो आईंचा फोन आला, आणि नवऱ्याने कौतुकाने सांगून टाकलं. पलीकडे इतकी शांतता पसरली की याला वाटलं फोन कटला. त्या दिवसापासून ते खोकं शेजारच्या काकूंच्या बाल्कनीत आहे. घरात नाही, तेव्हा आणलेलं नाही. काकूंचा मुलगा त्यावर क्रिकेटचे पॅड वाळत घालतो.

मी आईच्या बाजूची. म्हणजे तोपर्यंत होते.

आईच्या बाजूला असण्याचं कारण तिची नोकरी. आई आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होती, तीस वर्षं. डोंगरातली वाडीवस्ती, चालत जायचं, पावसाळ्यात ओढे. तिच्या दृष्टीने तयारी म्हणजे सामान नव्हे. गरोदर बाई तपासून झाली की ती चार प्रश्न विचारायची: गाडी कुणाची ठरली, पैसे कुठे ठेवलेत, रक्त लागलं तर कोण देणार, आणि तुझ्यासोबत कोण येणार. मलाही तिने हेच विचारलं. मी कॉटची किंमत सांगत होते आणि ती विचारत होती, "रात्री दोनला लिफ्ट बंद असली तर?"

संध्याकाळी चहाच्या वेळी खरा वाद सुरू झाला.

"ताई, एक सांगू का, राग मानू नका," आई म्हणाली. "हे आधी काही आणायचं नाही, आधी बोलायचं नाही, यातून काय होतं ते मी बघितलंय. आषाढातली रात्र. बाई घरातच मोकळी झाली. मी पोचले तेव्हा बाळ नुसतं जमिनीवर, ओलं. गुंडाळायला घरात कोरडं फडकं नाही. का? तर आधी काढून ठेवलं की अपशकुन होतो. जे होतं ते पावसात भिजलेलं. हात लावला तर पोर गार. तागडीत घातलं, एकोणीसशे ग्रॅम."

"मग?"

"मग काय, पुसलं, आईच्या उघड्या छातीवर घातलं आणि वरून माझा स्वेटर. आईच्या अंगासारखी शेगडी नाही. तेव्हा त्याला काही नाव आहे हे मला माहीत नव्हतं, नंतर ट्रेनिंगमध्ये कळलं कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियात बोगोटा म्हणून शहर आहे, तिथल्या डॉक्टरांनी १९७८ च्या सुमाराला सुरू केलं. काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त म्हणून."

"जगलं?"

"जगलं. आता ट्रॅक्टर चालवतो. पण फडकं असायला हवं होतं, ताई."

अहो आईंनी कप खाली ठेवला. माझी अपेक्षा होती की त्या शकुन-अपशकुनावर काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "फडकं हवंच. फडकं कोण नको म्हणतं? या."

त्यांनी आपली ट्रंक उघडली. मी तोवर ती ट्रंक त्यांच्या कपड्यांची समजत होते. वर त्यांच्या दोन साड्या होत्या खऱ्या. खाली चौदा दुपटी. जुन्या नऊवारी सुती लुगड्यांची, दुहेरी, हाताने टाके घातलेली. त्याखाली त्रिकोणी लंगोट, किती ते मोजले नाहीत. पाठीमागे बंद बांधायची झबली, सगळी वापरलेली, नणंदेच्या मुलांची. एक कुंची. पुरचुंडीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. डिंक, खारीक, खसखस, हळीव वेगवेगळ्या डब्यांत.

"हे सगळं आधीच?" मी म्हटलं.

"आधी कुठे? जुनं आहे. घरात असतंच. नवीन काय आहे यात दाखव."

"आणि डिंक-हळीव?"

"ते तुझ्यासाठी. बाळाचं नाही त्यात काही."

मला तेव्हा हा सगळा बनाव कळला. नवं आणायचं नाही, पण जुनं फाडून शिवायला बंदी नाही. बाळासाठी काही करायचं नाही, पण बाळंतिणीसाठी कितीही करा. पाळणा नको, कडी बसवा. नियम असा रचलाय की शब्दाने काहीच केलेलं नसतं आणि हाताने सगळं झालेलं असतं. कुणाला तरी फसवायचंय हे उघड आहे. कुणाला, ते कुणी बोलत नाही. आणि कपड्यांपुरता तरी हा नियम आईच्या पुस्तकाशीही जुळतो. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यात खळ नसते, बाळाच्या कातडीला काही टोचत नाही.

आईने एक दुपटं उचलून गालाला लावलं. "हे उन्हात घालून, इस्त्री फिरवून पिशवीत भरू. चार हॉस्पिटलच्या पिशवीत."

"पिशवी भरा. पण तिला बाळाची पिशवी म्हणू नका."

"काय म्हणू?"

"पिशवी."

आईला हसू आलं, पण ती सोडणाऱ्यातली नाही. "ताई, तुमच्या मनातली भीती मला कळते. पण आता दिवस ते राहिले नाहीत. १९७१ साली आपल्या देशात हजार बाळं जन्मली की वर्षाच्या आत १२९ जायची. २०२० चा सरकारी आकडा २८ आहे."

"अठ्ठावीस म्हणजे शून्य नव्हे."

यावर आईकडे उत्तर नव्हतं. अहो आई दुपट्यांची घडी नीट करत बोलत राहिल्या, फारसं कुणाकडे न बघता. "माझ्या थोरल्या जावेच्या वेळी पाळणा आठव्यातच आणला. नवा. मामंजींना हौस. माजघरात टांगला, रंगीत गोंडे लावले. मूल पोटातच गेलं. ते व्हायचं ते होतं, पाळण्याने झालं असं मी म्हणत नाही, मला तेवढं कळतं. पण ती घरी आली तेव्हा पाळणा तिथेच. तो उतरवायचा कुणी? मामंजींनी टांगलेला, त्यांना सांगणार कोण? गडी माणसं माजघरात येत नाहीत. सासूबाई हात लावीनात. दीड महिना ती त्याच्या खालून ये-जा करत होती. शेवटी मी रात्री उठून काढला. मी तेव्हा नवी नवरी. स्टूल नव्हतं, उखळ उपडी घालून चढले."

कुकरची शिट्टी झाली, कुणी उठलं नाही.

"म्हणून आणायचा नाही," त्या म्हणाल्या. "सटवाईला कळेल म्हणून नाही. उतरवायला लागू नये म्हणून."

आई नंतर मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली की तीस वर्षांत हे कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या बायका 'पद्धत नाही' एवढंच म्हणायच्या. मीही मनातल्या मनात काकूंच्या बाल्कनीतल्या खोक्याची जागा कायम केली. आमची तक्रार नाही, पॅड वाळू देत.

पण म्हणून दोघींचं सूत जमलं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अहो आई आतल्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावायला निघाल्या आणि पुन्हा ठिणगी पडली.

"वारा लागतो बाळंतिणीला. कानात कापूस, डोक्याला फडकं आणि खोली बंद. दिवसातून दोनदा खाटेखाली शेगडी. ओवा-शेपा आणि लसणीच्या सालींची धुरी."

"शेगडी नाही," आई म्हणाली. हा तिचा सिस्टरचा आवाज होता, मी लहानपणी हा ओळखून पळायचे. "बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही. धूर दिसतो तो डोळ्यांत जातो, पण त्यातला जो वायू मारतो तो दिसत नाही, त्याला वास नसतो. माणूस झोपतं आणि उठत नाही."

"आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या केलं."

"तुमच्या घराला कौलं होती ताई. फटी होत्या. इथे सरकत्या काचा आहेत, रबर लावलेल्या."

ही गोष्ट मला फार पटली. परंपरेतली चूक दाखवायची तर परंपरा वेडी होती असं म्हणावं लागत नाही. घर बदललं एवढं म्हणून भागतं. कौलारू घरात धूर वर जायचा, डास पळायचे, ओलसर कोकणी पावसात लंगोट वाळायचे. तीच शेगडी चौथ्या मजल्यावरच्या दहा बाय अकराच्या खोलीत आणली की तिचा अर्थ बदलतो.

"आणि पडदा पातळ हवा," आई थांबली नव्हती. "दिवसाचा उजेड आत यायला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागतं. बहुतेकांची कावीळ आपली आपण उतरते, पण छातीच्या खाली, पायांपर्यंत पिवळेपणा उतरला तर दवाखाना गाठायचा. अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली काय दिसणार? किती बाळंतिणींच्या खोल्यांत मी आधी खिडकी उघडायला लावली असेल. बाळ मग बघायचे."

"खिडकी उघडली की गारठा."

"मग बाळाला टोपडं घाला, मोजे घाला, तिच्या कुशीत द्या. खोली पंचवीसच्या खाली जायला नको, तेवढं बघू. पंखा चालेल, अंगावर झोत नको. आणि पहिले २४ तास अंघोळ नाही."

"हॉस्पिटलात तशीही आपली न्हाणारी बाई कोण आत सोडतंय?" अहो आई म्हणाल्या. न्हाणारी बाई त्यांनी पुण्यात आल्याच्या तिसऱ्या दिवशीच हेरून ठेवली होती, खालच्या मजल्यावरच्या कामवालीची आत्या. पाटावर पाय पसरून नडगीवर बाळ घेते, नातीला अशीच न्हाणते, हात हलका आहे म्हणे. आई तिला भेटायला गेली आणि नखं बघून आली. नखं पास झाली. कानात, नाकात तेल घालायचं नाही, नाळ पडेपर्यंत तिच्यावर काही लावायचं नाही, ना हळद ना पावडर, कोरडी ठेवायची, एवढ्या अटींवर करार झाला.

नाळेचा विषय निघाला तेव्हा आई पुन्हा तिच्या वाड्या-वस्त्यांत गेली. पूर्वी विळ्याने नाळ कापायचे, वर राख लावायचे. "बाळ पाच-सहा दिवस छान प्यायचं आणि मग एका सकाळी तोंड उघडेना. धनुर्वात. लोक म्हणायचे सटवाई आली. मला वाटतं, पाचवी पूजायची, कोरा कागद न् लेखणी ठेवायची, बारा दिवसांनी नाव ठेवायचं, हे सगळं त्या दिवसांच्या भोवती का आहे ते उगाच नाही. बाईला टीटीचं इंजेक्शन आणि नाळेला नवं ब्लेड, या दोन गोष्टींनी ते थांबलं. २०१५ मध्ये आपल्या देशातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे जिल्ह्यात हजारी एकाच्या खाली. कुणी फटाके वाजवले नाहीत, पण मी त्या दिवशी घरी शिरा केला होता."

"पाचवी मात्र पूजायची," अहो आई म्हणाल्या.

"पूजा की. कागद कोरा ठेवा, मी काही लिहायला जात नाही."

काजळाचा निकाल दोन मिनिटांत लागला. डोळ्यात नाही, त्यात शिसं असू शकतं. तळपायाला तीट लावा. मोहरीची उशीही गेली. बाळ पाठीवर झोपणार, कडक गादीवर, आसपास उशी-मऊ खेळणी काही नाही. डोकं गोल झालं नाही तर होऊ दे लांबट, माझ्या नवऱ्याचं आहे तसं. यावर अहो आई फक्त "तो उशीवरच झोपायचा" एवढंच म्हणाल्या, आणि युक्तिवाद आपोआप संपला.

बाळगुटीवर मात्र दोन दिवस गेले. अहो आईंनी सहाण आणली होती आणि बरोबर डबी: हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, बेहडा, सुंठ, अतिविष, खारीक, बदाम. रोज एकेक वेढा उगाळायचा. वेढे वाढवत न्यायचे. आई म्हणाली, सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर नाही. अहो आई म्हणाल्या, पोट दुखलं तर? आई म्हणाली, खांद्यावर घ्या. अहो आई म्हणाल्या, खांद्यावर घेऊन काय जायफळाचं काम होतं? त्यांचं म्हणणं मला कळत होतं. रात्री तीनला किंचाळणाऱ्या बाळापुढे म्हातारीच्या हाताला काहीतरी करायला हवं असतं. उगाळणं हे औषध असो नसो, उगाळताना दहा मिनिटं जातात, आणि बरंचसं रडणं दहा मिनिटांनी थांबतं. मी हे बोलले नाही. आधीच दोघी माझ्यावर नाराज होत्या, मी दुधाच्या बाटलीचं नाव काढल्यामुळे. त्यावर मात्र त्या एक होत्या. आईने तर मला १९९२ चा कायदाच ऐकवला: बाळाच्या डबाबंद दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे, ती उगाच नाही. आणि जन्मल्यावर तासाभरात छातीशी घ्यायचं. पहिला पिवळा चीक फेकायचा नाही.

"आमच्याकडे फेकायचे," अहो आई म्हणाल्या. "गायीचा चीक आणून खरवस करून खायचे आणि बाईचा फेकायचे. मला तेव्हाही ते विचित्र वाटायचं."

सहाण शेवटी ओट्यावरच राहिली. चंदन उगाळायला, असं ठरलं आहे. मी लक्ष ठेवून आहे.

पण खरी अडचण यातल्या कशातच नव्हती, ती शनिवारी नवऱ्याने कागद-पेन काढल्यावर कळली. त्याने चोवीस तासांचे रकाने पाडले. बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा दूध पिणार, म्हणजे रात्री तीन-चारदा उठणं आलं. पाजणार मी. मग ढेकर कोण काढणार, लंगोट कोण बदलणार, सकाळी सहाला पाणी कोण तापवणार? मला २०१७ च्या दुरुस्तीमुळे २६ आठवडे पगारी रजा आहे. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत कायद्याने काही नाही, याच्या कंपनीने मेहरबानीने पाच दिलेत. त्यातला एक कडी बसवण्यात गेला.

"हे काय लिहितोस?" अहो आईंनी विचारलं.

"ड्यूटी."

"आमच्या वेळी लिहायला लागत नव्हतं. घरात अकरा बायका होत्या."

"आणि सोयर होतं," आई म्हणाली. मला वाटलं आता ती सोयर-सुतकावर घसरणार. "मला ते शिवाशिवीचं कधी पटलं नाही. पण दहा दिवस तिच्या हातचं कुणी खायचं नाही, म्हणून तिला चुलीपुढे कुणी बसवायचं नाही. मी वस्तीवर बघितलंय ना, जिथे सोयर पाळायचे नाहीत तिथे तिसऱ्या दिवशी बाई हंडा घेऊन पाण्याला. मी काय सांगणार तिला, विश्रांती घे? कुणाच्या जिवावर?"

अहो आईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "हे बरोबर बोललात. विटाळ नव्हेच तो, रजा होती. बिनपगारी."

"तेव्हा रजा हिची लिहा," आई नवऱ्याला म्हणाली. "पहिल्यांदा हिची झोप लिहा. सलग चार तास. ती कुठल्या रकान्यात बसते ते बघा आणि बाकीचं त्याच्या भोवती. रडायला लागली आणि आठ-पंधरा दिवसांत थांबली नाही, बाळाकडे बघेनाशी झाली, तर मला सांगायचं, लपवायचं नाही. त्याला डॉक्टर असतात."

"बाळंतीण रडतेच," अहो आई म्हणाल्या.

"रडते. पण कधीपर्यंत, ते कुणी मोजत नाही."

नवऱ्याने तेही लिहिलं, एका कोपऱ्यात, चौकट करून.

मग आईने त्याला गडचिरोलीचं सांगितलं. तिचं हे आवडतं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, घरी जाऊन बाळ बघायला, वजन करायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्गाची चिन्हं ओळखायला. तीन वर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यावरूनच पुढे देशभर आशाताई घरी यायला लागल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. "काय होतं त्यांच्या पिशवीत? तागडी, थर्मामीटर, ब्लँकेट. खोली सजवली नव्हती कुणी. कुणीतरी येऊन बघत होतं."

"आमच्याकडे सगळं गाव येऊन बघायचं," अहो आई म्हणाल्या. "तेच नको. पहिला महिना बाहेरचं कुणी नको."

"अगदी नको," आई म्हणाली.

"दृष्ट लागते."

"खोकला लागतो."

"आलंच कुणी तर दारात हातपाय धुऊन."

"साबणाने."

एवढं एकमत मी त्या दोघींमध्ये आधी बघितलं नव्हतं. दाराशी पाटी लावायची का, यावर मजकूर ठरवणंही सुरू झालं होतं, पण पाटीवर बाळ हा शब्द घालावा लागेल हे लक्षात आल्यावर तो विषय बारशानंतरवर गेला.

झोपायची जागा शेवटी ठरली ती अशी: आतल्या खोलीत मी आणि बाळ, आणि आळीपाळीने एक आई. बाहेर दुसरी आई. नवरा स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये जो पट्टा आहे तिथे, फ्रिजला डोकं लावून. त्याच्या फोनमध्ये १०८ आणि रिक्षावाल्या काकांचा नंबर एकाखाली एक. लिफ्ट बंद असली तर वॉचमनदादा खुर्ची घेऊन वर येणार, असंही तो ठरवून आलाय. बाळासाठी विकत घेतलेली एकही नवी वस्तू या घटकेला घरात नाही.

राहिली कडी. वजन लटकवून बघायला हवं होतं. बाळाच्या पाचपट म्हणजे पंधरा किलो झाले. आई म्हणाली पाळण्याचंही धरा. घरात जड असं एकच होतं, उकड्या तांदळाचं पोतं, पंचवीस किलोचं. नवऱ्याने सावंतवाडीच्या साखळ्या कडीत अडकवल्या, पोत्याला चारी बाजूंनी दोर आवळला आणि हळूहळू भार सोडला. कडी काही बोलली नाही. चिमणाळं वर लावायचा मोह त्याला झाला होता, अहो आईंनी नुसतं नाव घेऊन हाक मारली, तो थांबला.

रात्री दोनच्या सुमाराला मला उठावं लागलं. आता रोजच लागतं. बाहेर झिरोचा दिवा होता. दोघी आपापल्या गादीवर जाग्या. आई अंधारात हात वर करून एका बोटाने पोतं ढकलत होती आणि कान देऊन ऐकत होती.

"कुरकुरतं का बघतेय," मला बघून ती म्हणाली.

"बघा, बघा," अहो आई कुशीवर वळत म्हणाल्या. "रिकामा पाळणा हलवायचा नसतो. पण हे काही रिकामं नाही."